अकरा महिने, दोन झूम आणि एक बिघडलेली 85

गेले अकरा महिने माझ्या कॅमेऱ्यावर टॅमरॉनची 28-75 मिमी एफ/2.8 झूम लेन्स आहे, जी2 म्हणजे दुसरी आवृत्ती (मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळ; एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). त्यातले शेवटचे तीन महिने घरात सोनीची 24-70 एफ/2.8 जीएम टू, म्हणजे सोनीच्या महागड्या जीएम मालिकेतली दुसरी आवृत्ती, हीसुद्धा आहे. ती माझी नाही. मित्र लांबच्या मुक्कामाला निघाला, आणि 'कपाटात पडून राहिली तर बुरशी लागेल, वापरत राहा' म्हणत ती माझ्या हातात देऊन गेला. असा मित्र सगळ्यांना मिळो. त्यामुळे एकच बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा (सोनी ए7 फोर), एकच माणूस आणि दोन्ही लेन्स, अशी तुलना आपोआप घडली. खरेदीआधी मी जे वाचत बसायचो त्यातलं निम्मं आता मला बिनकामाचं वाटतं, आणि ज्या गोष्टींनी पुढे खरंच फरक पडला त्या तेव्हा कुणी बोलतच नव्हतं. म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

आधी वजन, कारण मी थर्ड पार्टीकडे, म्हणजे कॅमेऱ्याची कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीच्या लेन्सकडे वळलो तो त्यासाठी. पैसे हे कारण होतंच, ते कशाला लपवायचं. दोन लेन्सच्या किमतीतल्या फरकात आणखी एक बरी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, येत होती. पण 2016 ची पहिली जीएम मी हाताळली होती आणि ती 886 ग्रॅमची होती. नाकापेक्षा मोती जड. 2022 च्या जीएम टूने तो भार 695 वर आणला, हे सोनीचं मोठंच काम म्हणायचं. माझी 28-75 आहे 540 ग्रॅमची. नुसती हातात घेऊन पाहिली तर 155 ग्रॅमचा फरक जाणवतही नाही. सहा तास गळ्यात लटकवल्यावर मान बरोबर सांगते.

फिल्टरचं गणितही त्यातच आलं. जीएमला 82 मिमीचे फिल्टर लागतात, टॅमरॉनला 67 चे. शिवाय टॅमरॉनच्या या मालिकेतल्या 17-28, 28-75 आणि 70-180 या तिन्ही एफ/2.8 झूमना 67 चाच फिल्टर बसतो. एक पोलरायझर (चकाकी कमी करणारा) आणि एक एनडी (प्रकाश कमी करणारा) घेतला की विषय संपला. खरेदी करताना हा मुद्दा क्षुल्लक वाटला होता. प्रवासात बॅग भरताना दर वेळी बरं वाटतं.

आता फोटो. इथे बरंच काही लिहायचं ठरवलं होतं, पण लिहिण्यासारखं फारसं नाही, आणि मला वाटतं तीच बातमी आहे. दोन्ही लेन्सने काढलेले वीस फोटो मी ए3 आकारात छापून घेतले, मागे पेन्सिलीने खुणा केल्या, पत्ते पिसावेत तसे पिसले आणि ओळखायला बसलो. घरच्यांनी पाच मिनिटांत हात वर केले. मी चिकाटीने वीसही फोटोंचे दोन गठ्ठे लावले. अकरा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढेच आले असते. ज्या एका फोटोबद्दल मी छातीठोकपणे म्हणालो, 'हा रंग, हा बोके, ही जीएमच,' तो टॅमरॉनचा निघाला. (बोके म्हणजे धूसर झालेली पार्श्वभूमी.)

संगणकावर शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर फरक सापडतो, नाही असं नाही. एफ/2.8 ला, अगदी कोपऱ्यात, जीएम थोडी जास्त स्वच्छ आहे. पार्श्वभूमीला दिवे असतील तर जीएमच्या 11 पात्यांमुळे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, थोडं मिटल्यावरही ठिपके गोल राहतात. टॅमरॉनला 9 पाती आहेत, एफ/4 च्या पुढे किंचित कोन दिसू लागतात. एफ/5.6 ला दोघींत डावं-उजवं करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पांढऱ्या रंगाच्या छटेत अगदी थोडा फरक पडतो. एकाच कार्यक्रमात दोन्ही लेन्स वापरल्या तर तो खुपतो. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढत असाल तर एका झटक्यात सारखा करता येतो.

मग फरक कुठे पडला? सगळ्यात आधी 24 आणि 28 मध्ये. आकड्यात चारच मिलिमीटर, म्हणून मी सोडून दिलं होतं. प्रत्यक्षात 24 ला कर्णातला दृष्टिकोन साधारण 84 अंश असतो आणि 28 ला 75. टेलीच्या (लांबच्या) बाजूला 70 की 75 याने कुणाचं काही अडत नाही, पण रुंद बाजूला हे नऊ अंश म्हणजे गटातला शेवटचा माणूस चौकटीत येतो की नाही हा प्रश्न असतो. मोकळ्यावर दोन पावलं मागे सरका, झालं. छोट्या खोलीत मात्र पाठ भिंतीला टेकली की तुमची 28 तिथेच संपते. एका घरगुती गट-फोटोच्या वेळी मी दाराच्या चौकटीतून, अर्धा बाहेर उभा राहून फोटो काढला आहे. जीएम घरात आल्यापासून आतले कार्यक्रम असले की माझा हात आपोआप तिच्याकडे जातो. याचा ब्रँडशी काही संबंध नाही, हेही खरं. सिग्माची 24-70 एफ/2.8 आर्ट आहेच, तीही 24 पासून सुरू होते. तिथे 24 मिळवायला वजन मोजावं लागतं. टॅमरॉनने 28 पासून सुरुवात केली म्हणून ती एवढी लहान झाली. काही सोडलं म्हणून काही मिळालं.

सोडल्याच्या बदल्यात आणखी एक मिळालं. टॅमरॉन 28 ला 18 सेंटिमीटरवर फोकस करते, म्हणजे हूड (लेन्सच्या तोंडावरची सावलीची कडी) लावलेला असेल तर वस्तू जवळजवळ हूडला टेकते. फुलं, घड्याळाची यंत्रं, जुन्या पुस्तकांची पानं असलं काहीबाही मी यामुळेच काढू लागलो. टेली बाजूला मात्र उलटं आहे: जीएम 70 ला 30 सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, टॅमरॉन 75 ला 38 वर थांबते.

बटणांबद्दल थोडक्यात. जीएमला अ‍ॅपर्चर रिंग आहे, तिचा टकटक आवाज बंद करायची कळ आहे, दोन फोकस बटणं आहेत. टॅमरॉनला एक बटण आणि एक यूएसबी-सी भोक. ते भोक वापरून संगणकावरून बटणाला आणि फोकस रिंगला वेगवेगळी कामं नेमून देता येतात. मी एकदा मोठ्या उत्साहाने दोन बिंदूंमध्ये आपोआप फोकस सरकवायचं काम नेमून दिलं, आठवडाभर खेळलो आणि विसरलो. अ‍ॅपर्चर रिंगची मात्र तीन महिन्यांत इतकी सवय झाली आहे की जीएम गेल्यावर बोटं काही दिवस हवेत फिरणार.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो भाग. लेन्स म्हणजे काच, ही समजूत आता जुनी झाली. आजची लेन्स हा एक छोटा संगणक आहे आणि माउंटवरच्या, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडते तिथल्या, सोनेरी पिनांमधून तो बॉडीशी अखंड बोलत असतो. फोकल लेंग्थ किती, फोकस कुठे आहे, अ‍ॅपर्चर किती, मोटर किती सरकवू, सरकवली, आता थांब. कडेची काळी झाक किती उजळायची, वाकलेली रेघ किती सरळ करायची, तेही याच बोलण्यात ठरतं. काच आता सगळेच उत्तम घासतात. ही भाषा कुणाला किती येते, आणि येऊ दिली जाते, तिथे खरा फरक आहे.

सोनीने 2011 मध्ये आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्स कंपन्यांना विनाशुल्क द्यायची असं जाहीर केलं. आज या माउंटवर लेन्सचं जे जंगल माजलंय त्याचं मूळ तिथे आहे. सोनी टॅमरॉनची मोठी भागधारक आहे, हेही इथे ध्यानात ठेवायला हरकत नाही. पण 'मूलभूत' या शब्दाला महत्त्व आहे. घरात येऊ दिलं याचा अर्थ तिजोरीची किल्ली दिली असा होत नाही. सोनीची ए1 सेकंदाला 30 फोटो काढते ते सोनीच्याच काही लेन्स लावल्यावर. थर्ड पार्टी लेन्सला 15 ची वेस आहे. व्हिडिओत फोकस पुढेमागे होताना चौकट श्वास घेतल्यासारखी हलते. ते थोपवायची सोय माझ्या बॉडीत आहे, पण तीही सोनीच्या ठरावीक लेन्सपुरतीच. टॅमरॉन लावली की मेनूतली ती ओळ नुसती दिसते, वापरता येत नाही.

वाचताना हे भयंकर वाटतं. मलाही वाटलं होतं. मग लक्षात आलं की माझी बॉडी मुळात सेकंदाला 10 फोटो काढते. म्हणजे ज्या 15 च्या वेशीवरून मी रात्री जागून वाद वाचले, त्या वेशीपर्यंत मी कधी पोचणारच नव्हतो. व्हिडिओ करणाऱ्यांना श्वासाचा मुद्दा खरा लागतो. मी वर्षाला चार क्लिप काढतो.

पळत्या मुलांवर, सायकलवर, रंगमंचावरच्या नाचावर डोळ्यांचा फोकस दोन्ही लेन्सवर इतका सारखा चालतो की मी मोजणं सोडून दिलं. दोन्हींत रेषीय मोटर आहे, दोन्ही गप्प बसून काम करतात.

ही भाषा कुठे अडते ते कळलं लांब पल्ल्यावर. पक्ष्यांसाठी दोन वेळा लेन्स भाड्याने आणली: एकदा सोनीची 200-600 आणि एकदा एका थर्ड पार्टी कंपनीची तशीच लांब झूम. बसलेल्या पक्ष्यावर दोघी तोडीस तोड. पक्षी अंगावर उडत आला की सोनीची लेन्स फोकस धरून ठेवते, दुसरी मध्येच एखादा फोटो सोडून देते आणि पुन्हा धरते. दहातला तो एकच फोटो पंख उघडलेला असतो, हे पक्षी काढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्यावर टेलीकन्व्हर्टरची, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून पल्ला वाढवणाऱ्या जोडभिंगाची गोष्ट. सिग्माच्या 150-600 स्पोर्ट्‌सला एल या दुसऱ्या माउंटवर टेलीकन्व्हर्टर लागतो; तीच लेन्स सोनीच्या माउंटवर घेतली तर लागत नाही. काच तीच, नळकांडं तेच. सोनीच्या 200-600 ला मात्र 1.4 आणि 2 पट असे दोन्ही लागतात. शिवाय ती झूम करताना लांब होत नाही, तोल जिथल्या तिथे राहतो. 2 किलोहून जास्त वजन हातात असताना याची किंमत कळते. मी उद्या टेली घेतली तर सोनीचीच घेईन. स्टँडर्ड झूम मात्र परत थर्ड पार्टीचीच.

एक गोष्ट मी उलट्या क्रमाने केली, तुम्ही करू नका. लेन्सचा विचार बॉडी घेतल्यावर सुरू केला. माउंट बदललं की हा सगळा वादच बदलतो. कॅननचा आरएफ माउंट 2018 चा. 2022 मध्ये कॅननने पेटंटचं कारण देऊन व्हिलट्रॉक्स या लेन्स कंपनीला त्यावरच्या ऑटोफोकस लेन्स थांबवायला लावल्या. सिग्मा आणि टॅमरॉन तिथे येणार हे जाहीर व्हायला एप्रिल 2024 उजाडला, आणि तेव्हाही फक्त लहान, एपीएस-सी सेन्सरच्या लेन्स. म्हणजे काही वर्षं तिथल्या माणसाला 'कंपनीची की थर्ड पार्टी' हा प्रश्न फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) ऑटोफोकस लेन्ससाठी जवळजवळ नव्हताच. बॉडी आवडली म्हणून घेतली आणि मग लेन्सच्या यादीत हात घातला, तर हे नंतर कळतं.

आणि जुन्यांना आठवत असेल, फिल्मच्या काळात ही भाषा चोरून ऐकून शिकलेल्या काही लेन्स पुढच्या डिजिटल बॉडीवर चढवल्या की बॉडी सरळ चूक दाखवून बंद पडायची. काच धडधाकट, पण बोलणं जुनं. आता लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलता येतं, त्यामुळे ती भीती बरीच ओसरली आहे. तरी बॉडीचं नवं फर्मवेअर आलं की मी ते लगेच चढवत नाही. आठवडाभर थांबतो, लेन्सवाल्यांनी काही सांगितलंय का बघतो, मग चढवतो. कंपनीची लेन्स असती तर हा विचारसुद्धा मनात आला नसता, आणि हा निवांतपणा आपण विकत घेत असतो.

आता ती 85. झूमवर वाचलेल्या पैशात घेतलेली एफ/1.8 ची प्राइम, तिसऱ्याच कंपनीची. नाव घेत नाही, कारण माझ्याकडे एकच खराब नग आला, आणि एका नगावरून कंपनी बदनाम करणं बरं नाही. पहिल्या दिवशीचे चेहरे झकास आले. चौथ्या दिवशी जाणवलं की माणूस चौकटीत डावीकडे ठेवला की पापण्या मोजून घ्या, उजवीकडे ठेवला की तोच चेहरा दमट काचेमागून पाहिल्यासारखा. तीन दिवस मी स्वतःला दोष देत होतो: हात हलला, फोकस बिंदू चुकला, शटर कमी पडलं. मग खात्री करून घेतली. याला डीसेंटरिंग म्हणतात. आतलं एखादं भिंग अक्षावरून किंचित सरकलेलं किंवा तिरकं बसलेलं असतं, आणि चौकटीची एक बाजू मऊ पडते.

तपासायला बरेच जण विटांच्या भिंतीचा फोटो काढतात. त्यात गोम अशी की कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर नसेल तर चांगली लेन्सही एका बाजूला मऊ दिसते, आणि तुम्ही उगाच भांडायला जाता. मला पटलेली पद्धत अशी: तिपाई, दोन सेकंदांचा टायमर, स्थिरीकरण बंद, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. खूप लांबची एखादी बारीक तपशिलाची वस्तू घ्या, मनोरा किंवा अँटेना. तिच्यावर मध्यभागी फोकस करा, मग मॅन्युअल करून फोकसला हात न लावता कॅमेरा फिरवून तीच वस्तू आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा. वस्तू इतकी लांब असते की समांतरपणाचा प्रश्नच मिटतो. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन चांगले आणि एक वाईट, तर तो दोष.

माझ्या 85 चे उजवीकडचे दोन्ही कोपरे गेलेले होते. सेवा केंद्राला पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: तपासली, ठरलेल्या मर्यादेत आहे. मर्यादा कुणाची आणि कोणती ते चिठ्ठीत नव्हतं. मी चारही कोपऱ्यांचे फोटो एकाशेजारी एक लावून विक्रेत्याला पाठवले, तेव्हा कुठे नग बदलून मिळाला. दुसरा नग निर्दोष आहे, आणि आता ती माझी लाडकी लेन्स आहे. हे कंपनीच्या लेन्समध्ये होत नाही का? होतं. डीसेंटर झालेल्या महागड्या लेन्स मी स्वतः पाहिल्या आहेत. पण तिथे तक्रार केल्यावर बॉडी आणि लेन्स दोन्ही एकाच टेबलावर तपासल्या जातात, 'दोष लेन्सचा नाही, बॉडीचा' हा खो-खो होत नाही. थर्ड पार्टी घेणाऱ्याने परत करायची मुदत किती दिवसांची आहे हे लेन्सच्या एमटीएफ (तीक्ष्णता दाखवणाऱ्या) आलेखाआधी वाचावं. आणि त्या मुदतीतच कोपरे तपासावेत, हौसेने सूर्यास्त काढत बसू नये.

विकायची वेळ आली तर कंपनीच्या लेन्सला वापरलेल्या बाजारात गिऱ्हाईक लवकर मिळतं, भावही बरा येतो. दर दोन वर्षांनी सामान बदलणाऱ्याने हे गणितात धरावं. मी लेन्स विकत नाही, साठवतो, त्यामुळे माझा या मुद्द्यात काही अधिकार नाही.

एक गंमत सांगायची राहिली. निकॉनने 2021 च्या शेवटी झेड माउंटसाठी स्वतःच्या नावाची 28-75 एफ/2.8 आणली. 12 गटांत 15 भिंगं, 67 चा फिल्टर, रुंद बाजूला 19 सेंटिमीटरवर फोकस, टेलीला 39. टॅमरॉनच्या 2018 च्या पहिल्या 28-75 चे आकडे काढून शेजारी ठेवा: 12 गटांत 15 भिंगं, 67, 19, 39. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा. झाईसच्या नावाने निकॉन-कॅनन माउंटवर ज्या मॅन्युअल फोकस लेन्स मिळायच्या त्याही जपानमधली कोसिना बनवत होती. तेव्हा 'अस्सल कंपनीची' म्हणताना नळकांड्यावरची अक्षरं वाचायची की आतली काच, हा प्रश्न मी हल्ली वादात मुद्दाम टाकतो. वाद थांबत नाही, पण रंगतो.

सध्याची मांडणी अशी आहे. कॅमेऱ्यावर 28-75, बॅगेत 85, आणि 24 ची उणीव भरायला एक छोटी प्राइम घ्यायचा विचार चालू आहे. जीएमची सवय लागली नसती तर तो खर्चही उद्भवला नसता. पुढच्या रविवारी मित्र परत येतोय. लेन्स पुसून, दोन्ही टोप्या लावून ठेवली आहे. बुरशी नाही. हूडवर मात्र एक ओरखडा आहे, दाराच्या कडीला घासून पडलेला, आणि तो कसा सांगायचा याची मी अजून तयारी करतोय.